अंदाज शाईने लिहायचा

सर वेडे होते असं आजही कुणी माझ्यासमोर म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. म्हणणारे बहुतेक माझ्याच बॅचचे असतात. कुणी बँकेत आहे, कुणी कारखान्यात, एक जण तर स्वतःच शिक्षक झाला आहे. लग्नाकार्यात भेटले की पानाला चुना लावता लावता हसतात. "आठवतं का रे, ते वर्गात आडवे पडायचे?"

आठवतं. सगळं आठवतं. आमच्यापैकी एकाने तरी त्या माणसाचं काही चुकलेलं कधी दाखवून दिलं होतं, हे मात्र आठवत नाही. आम्ही त्यांचं वाटोळं केलं आणि मग त्यांना वेडं ठरवून मोकळे झालो. 'आम्ही' म्हणून मी गर्दीत लपत नाही. मी त्यात सगळ्यांत पुढे होतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. माझे वडील साताऱ्याकडून येऊन बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून लागले होते आणि मी बोईसरहून एसटीने पालघरच्या कॉलेजात अकरावी-बारावी शास्त्र शाखेला जात होतो. सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाखाली कायमचा निळा डाग, डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. वय असेल पस्तीस. लग्न नव्हतं, थोरली विधवा बहीण त्यांच्याकडे असायची. नोकरी हंगामी होती. आमच्या बारावीच्या वर्षाअखेर त्यांना कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, आणि ते त्यांच्या बहिणीपासून कॉलेजच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. विसरत होते ते फक्त सर.

त्यांना कुणाचंही नाव लक्षात राहत नसे. गाव राहत असे. त्यामुळे मी 'बोईसर' होतो, माझ्या मागच्या बाकावरचा 'नवापूर' होता, आणि मुलींच्या पहिल्या बाकावर 'सातपाटी' बसायची. सातपाटी मासेमाराघरची. सकाळी आईबरोबर टोपली बाजारात पोचवून मग वर्गात यायची. मुली तिच्यापासून जरा सरकून बसत. सरांनी ते एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सातपाटी, तू मध्ये बस. कडेला बसलेल्याला फळा तिरका दिसतो." मग तिच्या दोन्ही बाजूंना मुली आल्या. दुसरा एक शब्द ते बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांची लॉग टेबलं गोळा केली. टेबलावर एक वाटी होती आणि वाटीत कणकेची खळ. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक पान असतं, त्यावर प्रकाशाचा वेग, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनवरचा भार असे आकडे एकाखाली एक छापलेले असतात. सरांनी ते पान शोधलं, बोटाने खळ लावली आणि समोरच्या पानाला चिकटवून टाकलं. अशी सगळी पुस्तकं. अर्धा तास आम्ही बघत बसलो.

"सर, परीक्षेत लागतील ना ते आकडे?" नवापूरने विचारलं.

"लागतील तेव्हा ओला बोळा फिरव, सुटेल पान. तोवर ते आकडे लोकांचे आहेत. तुमचं स्वतःचं काय आहे तुमच्याकडे?"

नवापूरने चिकटलेलं पान नखाने उचकटून पाहिलं.

"तुम्ही आहात," सर म्हणाले. "बाकावर बसलाय, श्वास घेताय, बोईसर जांभई देतोय. एवढं भांडवल थोडंथोडकं नाही. आपण इथे आहोत, एवढ्या एका गोष्टीवरून जगाचे आकडे कुठवर काढता येतात, ते बघू."

त्यांचं सगळं शिकवणं या एका वाक्यातून निघायचं. एकदा त्यांनी फळ्यावर एक लिहिला आणि त्यापुढे छत्तीस शून्यं काढली. फळा पुरला नाही, शेवटची चार भिंतीवर गेली. म्हणाले, दोन प्रोटॉन एकमेकांना विजेच्या जोराने ढकलतात आणि गुरुत्वाने ओढतात. ढकलणं हे ओढण्याच्या एवढ्या पट आहे. मग डस्टर माझ्या हातात दिलं. "बोईसर, सहा शून्यं पूस."

मी पुसली.

"काय केलंस कळलं का? गुरुत्व दहा लाख पटींनी वाढवलंस. आता सूर्य छोटा झाला. भसाभसा जळून काही हजार वर्षांत विझला. नदी नाही, झाड नाही. आणि एवढं होऊनही कुणी जगलंच, तर ते मुंगीएवढं. त्याहून मोठं काही स्वतःच्या वजनाने चिरडून जाईल. आता सांग, ती शून्यं किती हवीत हे ठरवायला तुला पुस्तक लागतं का? तू पाच फूट सहा इंच आहेस, बाहेर सूर्य आहे. निम्मं उत्तर तिथेच आलं."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "निम्मे मार्क पण तिथेच गेले." सगळे हसले. सरही हसले. आमच्या टोमण्यांचं त्यांना वाईट वाटत नसे, हीच आमची मोठी पंचाईत होती.

त्यांच्या लेखी आकडा दहापटीच्या आत आला म्हणजे घरात आला. स्नेहसंमेलनाच्या जेवणासाठी प्राचार्यांनी त्यांना विचारलं होतं, किती मुलं येतील. सर म्हणाले, "शंभर ते हजारच्या मध्ये." प्राचार्य कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, आचाऱ्याला काय सांगू मी?" सर गंभीरपणे म्हणाले, "मुलं आहेत, एवढं नक्की सांगा." ही गोष्ट शिपायाने गावभर केली.

आणि ते आडवं पडणं. लोक हसतात त्यामागे काय होतं ते नीट ऐकून ठेवा. त्या दिवशी सर बोलता बोलता हात न टेकता, झाड कोसळावं तसे कुशीवर पडले. चष्मा उडून बाकाखाली गेला. मुली किंचाळल्या. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला, "सर पडले, सर पडले!" जमिनीवरूनच सर म्हणाले, "पडलो नाही, शिकवतोय. तांब्या टेबलावर ठेव."

मग तसेच पडल्या पडल्या बोलत राहिले. "फुटलो का? नाही. का नाही? चालायला शिकणारं प्रत्येक पोर शंभर वेळा पडतं. पृथ्वीची ओढ आहे त्याच्या दहापट असती, तर पहिल्या पडण्यातच त्याचं हाड गेलं असतं, कवटी गेली असती. उभं राहून चालणारा प्राणी झालाच नसता. आणि दहापट कमी असती तर? हवा धरून ठेवता आली नसती पृथ्वीला. हवा गेली की पाऊस गेला, पाऊस गेला की तुम्ही गेलात. म्हणजे ती ओढ सेंटिमीटरमध्ये मोजली तर शंभराच्या वर आणि दहा हजाराच्या खाली. बहुधा हजाराच्या आसपास. लंबक टांगलेला नाही अजून, घड्याळ हातात घेतलेलं नाही. कुठून आला आकडा?"

"तुम्ही पडलात त्यावरून," सातपाटी म्हणाली.

"मी पडून उठलो त्यावरून," म्हणत सर उठले आणि कोपर चोळू लागले.

पण पुढचं वाक्य बॅचमधल्या कुणालाच आठवत नाही. ते म्हणाले, "हे कुंपण आहे, घर नव्हे. आपण आहोत यावरून कुंपण कळतं. कुंपणाच्या आत आकडा नेमका कुठे आहे, ते मोजूनच काढायचं. आणि मोजताना कुंपणाकडे बघून जो रीडिंग बदलेल, तो चोर."

म्हणून त्यांनी नियम केला होता. प्रत्येक प्रयोगाआधी जर्नलमध्ये आपला अंदाज लिहायचा, तारखेसह, शाईने. पेन्सिलीने नाही, कारण पेन्सिलीचं नंतर खोडता येतं. त्याखाली मोजून आलेलं उत्तर. दोन्हींत अंतर पडलं तर पडू दे, ते अंतरच वाचायचं असतं. लंबकाच्या प्रयोगाआधी मला काही तो हिशेब जमेना. शेवटी सरांनी माझं जर्नल ओढून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'शंभर आणि दहा हजार यांच्यामध्ये, बहुधा हजाराच्या आसपास.' खाली तारीख घातली.

आता प्रॅक्टिकलच्या परीक्षेकडे यावं लागेल. आमच्याकडे एक रीत होती, आणि ती फक्त आमच्या कॉलेजात होती असं म्हणणाऱ्याने स्वतःचं जर्नल काढून बघावं. तिला आम्ही 'रीडिंग बसवणं' म्हणायचो. लंबकावरून काढलेली पृथ्वीची ओढ नऊशे ऐंशी यायला हवी हे बारावीच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. मग नऊशे ऐंशीपासून उलटं गणित करायचं, वीस आंदोलनांना किती सेकंद लागायला हवेत ते काढायचं, त्यात इथे एक दशांश वाढवायचा, तिथे एक कमी करायचा, म्हणजे खरं दिसतं. लंबक आपला झुलत असतो बिचारा, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. थोरली मुलं धाकट्यांना हे शिकवायची, शिकवण्यांमध्ये शिकवायचे, आणि बाहेरून येणारे परीक्षक नऊशे ऐंशीच्या जितकं जवळ तितके जास्त मार्क द्यायचे. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मला संताप येतो तो याच गोष्टीचा. फसवलेलं कुणीच नव्हतं त्यात.

आमच्या बॅचमध्ये लंबकाचा प्रयोग नऊ जणांना आला. चालू स्थितीतलं स्टॉपवॉच एकच होतं, आठवड्यापूर्वी दुरुस्तीहून आलेलं. ते नऊ जणांत फिरत होतं. मीटरभर दोऱ्याला माझी वीस आंदोलनं मी खरंच मोजली. आले एक्केचाळीस पूर्णांक चार सेकंद. मी गणित करून पाहिलं, उत्तर नऊशे एकवीस. मला इंजिनिअरिंगचं वेड होतं, वडिलांना माझ्याहून जास्त. मी चाळीस पूर्णांक दोन लिहिलं. उत्तर आलं नऊशे सत्त्याहत्तर. आजूबाजूला सगळे तेच करत होते.

सातपाटीने नऊशे एकवीस लिहिलं.

बाहेरचे परीक्षक तिच्या टेबलाशी आले, उत्तर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, आंदोलनं मोजायची होती, मासळी नाही." हशा पिकला. मीही हसलो. सर तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला विजेच्या प्रयोगांपाशी होते. सातपाटीने पुन्हा वीस आंदोलनं मोजली, पुन्हा तेच आलं, आणि तिने खाडाखोड न करता पेपर दिला. तिला पासापुरते मार्क पडले. दुपारी परीक्षकांना कॉलेजतर्फे जेवण होतं. तळलेली पापलेटं सातपाटीहून मागवली होती. त्यांनी दोनदा घेतली.

मार्कांच्या तक्त्यावर दोन सह्या लागत, एक बाहेरच्या परीक्षकांची, एक सरांची. सरांनी सही करण्याआधी तक्ता आणि उत्तरपत्रिका वाचल्या. आठ जणांची उत्तरं नऊशे पंच्याहत्तर ते नऊशे पंच्याऐंशीच्या आत, एकीचं नऊशे एकवीस. त्यांनी ते स्टॉपवॉच मागवलं, आपल्या मनगटावरच्या आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर धरून चालू केलं आणि खुर्चीवर बसून राहिले. मी साहित्य कपाटात लावायला थांबलो होतो. पाच मिनिटांत ते स्टॉपवॉच नऊ सेकंद पुढे गेलं. सरांनी पुन्हा लावलं. पुन्हा नऊ सेकंद.

"या घड्याळाने नऊशे ऐंशी येऊच शकत नाही," ते म्हणाले. माझ्याकडे वळून पाहिलं. "याने नऊशे एकवीसच येणार. बोईसर, तुझं किती?"

मी लंबकाचे गोळे कपाटात ठेवायला लागलो.

त्यांनी सही केली नाही. प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, ज्या एका मुलीने खरं मोजलं तिला पूर्ण मार्क द्या, नाहीतर नऊ जणांची परीक्षा पुन्हा घ्या. प्राचार्यांनी आधी समजावलं, मग विनवलं, मग म्हणाले, "तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे, याची तुम्हाला जाणीव आहे ना?" सर म्हणाले, "आहे. ती तिथेच राहू द्या. हा तक्ता आधी बघा."

दुसऱ्या दिवशी आम्हा आठ जणांना जर्नलांसह बोलावलं. प्राचार्यांना कुठूनतरी कळलं होतं की सर प्रयोगाआधीच काहीतरी लिहून घेतात. त्यांनी जर्नलं चाळली. सात जणांत मुलांच्याच अक्षरात अंदाज होते. माझ्यात सरांचं अक्षर सापडलं.

सरांना आत बोलावलं. मी टेबलाच्या कडेला उभा होतो.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"तारीख प्रयोगाच्या आधीची. म्हणजे उत्तर तुम्ही आधीच पुरवलंत. आणि आता मुलांना चोर म्हणता?"

"तो अंदाज आहे. शंभर आणि दहा हजार यांच्यामध्ये, असं लिहिलंय. एवढ्या रुंद कुंपणातून कुणाला उत्तर मिळतं? आणि लपवायचं असतं तर शाईने कशाला लिहिलं असतं?"

"कुठून काढलात हा अंदाज?"

सरांनी सांगितलं. लहान मूल, पडणं, हाड, हवा, पाऊस. ते इतक्या मन लावून सांगत होते की क्षणभर मला वाटलं, आता पडून दाखवतात की काय. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, माणूस पडून मरत नाही यावरून तुम्ही फिजिक्स काढता?" मग माझ्याकडे वळले. "बाळ, तू सांग. सर काय म्हणाले होते?"

मला सगळं माहीत होतं. कुंपण आणि घर, दोन्ही. घड्याळाचे नऊ सेकंद मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. मी म्हणालो, "सर म्हणाले होते, हजाराच्या आसपास येईल."

यात खोटा शब्द एकही नाही. मी हे वाक्य हजारदा तपासून पाहिलंय. मग एक कागद फिरला, 'प्रयोगापूर्वी सरांनी उत्तर सांगितले होते.' आठ सह्या. पहिली माझी, कारण मी टेबलाजवळ होतो. सरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. ते माझं जर्नल उघडून बघत होते. मिटताना एवढंच म्हणाले, "खालचं रीडिंग पेन्सिलीने लिहिलंयस तू."

तक्ता तसाच गेला. सरांऐवजी दुसऱ्या कुणीतरी सही केली. जूनमध्ये सर कॉलेजात नव्हते. जागा 'गरज नसल्यामुळे' पुढे चालू ठेवली नाही म्हणे. गरज नसल्यामुळे! आणि त्याच जूनमध्ये त्या जागेसाठी नवीन माणूस आला, तोही भौतिकशास्त्राचाच.

एवढं करून मला इंजिनिअरिंग मिळालं नाही ते नाहीच. बी. एस्सी. होऊन बोईसरच्याच एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. तिथे नमुना तपासायला येण्याआधीच रजिस्टर भरलेलं असतं. पहिल्या आठवड्यात मी दचकलो, दुसऱ्या आठवड्यात मीच भरायला लागलो. हात सरावलेला होता. लोक म्हणतात, शाळेतलं शिक्षण पुढे उपयोगी पडत नाही. मला तर रोज पडलं.

पंधरा वर्षांनी कळलं की सर नवापूरला राहतात, दहावीच्या शिकवण्या घेतात. एका रविवारी सकाळी स्कूटर काढली. ते ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होते. केस पांढरे झाले होते. मी समोर उभा राहिलो तर मान वर करून म्हणाले, "काय बोईसर."

मी सगळं सांगितलं. जर्नल, वाक्य, पहिली सही. पंधरा वर्षं झोपेतून उठतो तेव्हा काय वाटतं ते सांगितलं. सर खडे काढत होते. त्यांच्या थोरल्या ताई पाणी देऊन आत गेल्या.

"झालं?" सर म्हणाले.

"सर, मी तुमचं आयुष्य..."

"माझं आयुष्य दहापटीच्या आत बरं गेलं. ते तू नको मोजूस." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी त्या दिवशी तुला निरोप दिला होता. सातपाटीला दिलास ना?"

मी वर लिहिताना एक गोष्ट गाळली आहे. मुद्दाम नव्हे, त्या क्षणापर्यंत मी ती स्वतःपासूनही गाळली होती. घड्याळ दुसऱ्यांदा तपासून झालं तेव्हा सर मला म्हणाले होते, "सातपाटीची एसटी सुटायची आहे. पळ, आणि तिला सांग, घड्याळ पुढे जातंय. तुझं बरोबर होतं म्हणावं." मी पळालो. स्टँडवर ती खिडकीत बसलेली होती. मी खांबाआड उभा राहिलो. तिचं बरोबर आहे असं सांगायचं म्हणजे माझं खोटं आहे असं सांगणं होतं. एसटी गेली. परत येऊन मी म्हणालो, सांगितलं.

"नाही दिला," मी म्हणालो.

सरांना चिडलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. प्राचार्यांसमोरसुद्धा नाही. "पंधरा वर्षं? ती पोरगी पंधरा वर्षं काय समजून बसली असेल? अरे, तू माझ्या पाया पडायला आलास, कारण त्यात तूही जरा मोठा दिसतोस. मोठ्या गोष्टीतला मोठा पापी! माझी नोकरी गेली ती मी जाणूनबुजून घालवली. मला ठाऊक होतं काय खरं आहे ते. तिला कुणी सांगितलं?"

"सर, तुम्हीच नंतर का नाही..."

"तू म्हणालास, सांगितलं! तुझ्यावर विश्वास ठेवला मी!" ते उभे राहिले. तांदूळ सांडले. "ऊठ. इथे बसू नकोस. ऊठ आणि जा."

आतून ताई म्हणाल्या, "अरे, त्याला चहा तरी..."

"नको त्याला चहा!"

मी तसाच सातपाटीला गेलो. नाव माहीत होतं, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. किनाऱ्यालगत बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि खाली सावलीत चार-पाच बायका सुकी मासळी निवडत होत्या. तिने मला ओळखलं नाही. मी कॉलेजचं सांगितलं तेव्हा हात न थांबवता म्हणाली, "हां, बोईसर. पहिल्या रांगेतला. मासळी घ्यायला आलास काय?"

"नाही. एक सांगायचं होतं. बारावीच्या प्रॅक्टिकलचं."

"ते काय आता? तवाच सोडलं मी ते. लेखी परीक्षेला बसले, पन पेपर समोर आला का वाटायचं, आपन मोजलेलं चुकतंय, लिवलेलं बी चुकत आसेल. दोन इषय गेले. मंग आई बोलली, पुरे झालं."

"तुझं चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "घड्याळ पुढे जात होतं. त्या घड्याळाने नऊशे एकवीसच यायला हवं होतं. आमची सगळ्यांची उत्तरं खोटी होती. सरांनी त्याच दिवशी तपासलं आणि तुला निरोप द्यायला मला पाठवलं होतं. मी दिला नाही."

तिचे हात थांबले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रडेल असं मला वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं. दोन्हींची मी तयारी करून आलो होतो.

"दोनदा मोजलं व्हतं मी," ती म्हणाली. "त्यो मानूस हासला, तवा परत मोजलं. दोनी येळा तेच आलं."

"हो."

"मला वाटलं, माजे डोलेच खोटे हायत."

ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि मोठ्याने हाक मारली, "आगो ए, इकडं या गो समद्या! हातातलं ठेवा नि या." बायका आल्या. पलीकडच्या काठ्यांखालच्याही आल्या. ती माझ्याकडे वळली.

"आता बोललास ते परत बोल. हलू नाय, जोरात बोल. तवा समद्या वर्गात हासलात ना, तवढ्या जोरात."

मी बोललो. शेवटच्या बाईपर्यंत जाईल असं बोललो. घड्याळ, नऊ सेकंद, नऊशे एकवीस. बायकांना त्यातलं काय कळलं असेल, देव जाणे. एका म्हातारीने कपाळाला आठ्या घालून तिला विचारलं, "काय बोलतो गो ह्यो? कोनाचं बरोबर व्हतं?"

"माजं," ती म्हणाली.